रेषांमधलं अंतर दिसायला हवं: लोकगटांच्या आरोग्याची तुलना करणारा आलेख कसा करावा

आरोग्याच्या अहवालांत एक आलेख हमखास भेटतो. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर कसला तरी दर, आणि मधे सात-आठ रंगीत रेषा एकमेकींत गुंतलेल्या. उजव्या कोपऱ्यात रंगांची यादी. वाचणारा यादीतला रंग बघतो, रेषेकडे जातो, पुन्हा यादीकडे येतो आणि तिसऱ्या फेरीत नाद सोडतो. आकडे बरोबर असतात, मेहनतही झालेली असते. पण कोणता गट सुधारला, कोणता मागे पडला आणि दोघांतलं अंतर वाढलं की घटलं, हे त्या चित्रातून काही कळत नाही.

अशा आलेखात वाचकाला बघायचं असतं ते अंतर. ते नजरेने अंदाजाने काढायला लावू नये, सरळ काढून दाखवावं. या एका गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त भर आहे. पण तिथवर पोचण्याआधी आकड्यांची थोडी मशागत करावी लागते.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

‘बालमृत्युदराचा गटनिहाय कल’ हा प्रश्न नव्हे, ते फाइलचं नाव झालं. प्रश्न असा हवा: ‘गेल्या २० वर्षांत, शाळेत न गेलेल्या माता आणि माध्यमिक शिक्षण पुरं केलेल्या माता यांच्या मुलांमधल्या मृत्युदराचं अंतर कमी झालं का?’ वाक्यात गट कोणते, काळ कोणता, दर कसला आणि तुलना कशाची, या चारही गोष्टी आल्या पाहिजेत. एखादी येत नसेल तर सॉफ्टवेअर उघडायची घाई करू नका.

साधारणपणे प्रश्न तीन जातींचे असतात. आज कोण कुठे आहे? प्रत्येक गट किती बदलला? गटांमधलं अंतर किती बदललं? या तिन्हींना तीन वेगळे आलेख लागतात. तिन्ही उत्तरं एकाच चित्रात कोंबायची हौस असते, आणि सुरुवातीला सांगितलेला गुंता तिथेच तयार होतो.

छेद तपासा, मग वय

रुग्णांची किंवा मृत्यूंची नुसती संख्या गटागटांत ताडून पाहण्यात अर्थ नाही, मोठ्या गटात ती जास्तच असणार. म्हणून दर काढायचा: दर १,००० किंवा दर १ लाख लोकांमागे किती. अंश आणि छेद एकाच लोकांचे आहेत ना, हे पाहा. मृत्यूच्या नोंदीत गट नातेवाइकांनी सांगितलेला असतो आणि जनगणनेत माणसाने स्वतः सांगितलेला असतो. या दोन उत्तरांत फरक पडला की दर बिघडतो, आणि तो आलेख बघून कधीच लक्षात येत नाही.

त्यानंतर वय. इथे भलेभले घसरतात, म्हणून एक कल्पित उदाहरण आकड्यांनिशी बघू. दोन गट आहेत. दोन्हींत साठीच्या आतल्या लोकांचा मृत्युदर हजारी २ आणि साठीपुढच्यांचा हजारी ३० आहे, म्हणजे धोका अगदी सारखा. पहिल्या गटात साठीपुढचे लोक २० टक्के, दुसऱ्यात फक्त ५ टक्के. आता एकूण दर काढा. पहिल्याचा येतो हजारी ७.६, दुसऱ्याचा ३.४. धोका समान असूनही आलेखात पहिला गट दुपटीहून वाईट दिसेल, आणि दुसऱ्या गटाची वाहवा होईल ती निव्वळ तरुण असल्याबद्दल.

यावर उपाय म्हणजे वय-प्रमाणित दर. प्रत्येक गटाचे वयोगटनिहाय दर घ्यायचे आणि सगळ्यांना एकाच ठरावीक लोकसंख्येची वयरचना लावून सरासरी काढायची. जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाण लोकसंख्या यासाठी सर्रास वापरतात. ती २००० ते २०२५ या काळातल्या जगाच्या सरासरी वयरचनेवर बेतलेली आहे. कोणती प्रमाण लोकसंख्या घ्यायची यापेक्षा सगळ्या गटांना आणि सगळ्या वर्षांना तीच लावणं जास्त महत्त्वाचं. हेही लक्षात असू द्या की वय-प्रमाणित दर तुलनेपुरता असतो. ‘इतके लोक दगावले’ असं त्यावरून लिहू नये. आणि तरुणांत एक गट वाईट व म्हाताऱ्यांत दुसरा, अशी उलटापालट असेल तर सरासरी ती झाकून टाकते. तिथे वयोगटांचे वेगळे आलेख काढण्याला पर्याय नाही.

परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं नाव निघालं की युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचा १८५८ सालचा पाकळ्यांचा आलेख सगळ्यांना आठवतो. मला त्याच सालचा त्यांचा दुसरा, साधा आलेख जास्त शिकवणारा वाटतो. शांततेच्या काळात मायदेशी बराकीत राहणारे सैनिक आणि त्याच वयाचे सामान्य इंग्रज पुरुष यांच्या मृत्युदराचे पट्टे त्यांनी २० ते ४० वर्षांमधल्या प्रत्येक वयोगटासाठी एकाखाली एक ठेवले. सैनिकांचा पट्टा प्रत्येक वेळी लांब, तरुण वयोगटांत तर जवळजवळ दुप्पट. वयाची पळवाट आधीच बंद केलेली असल्यामुळे आक्षेपाला जागा राहिली नाही. पाकळ्यांचं क्षेत्रफळ डोळ्यांनी मोजणं अवघड असतं, पट्ट्यांची लांबी मात्र कुणालाही कळते.

गट तोच राहिला आहे का?

हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, म्हणून इथे जरा थांबू. समजा, शाळेत न गेलेल्या मातांचा वाटा २० वर्षांपूर्वी ४० टक्के होता आणि आता ५ टक्के आहे. नाव तेच असलं तरी गट तो राहिलेला नाही. तेव्हा त्यात बऱ्या परिस्थितीतल्या स्त्रियाही होत्या. आता उरल्या आहेत त्या सगळ्यांत जास्त अडचणीतल्या. त्या गटाचा दर कमी होत नसेल, तर ‘अशिक्षित मातांकडे दुर्लक्ष झालं’ हा निष्कर्ष घाईचा ठरेल. गटातली माणसंच बदलली आहेत, हेही त्याचं कारण असू शकतं.

तोडगे दोन. एक, रेषेच्या दोन्ही टोकांशी गटाचा आकार लिहा: ‘मातांपैकी ४० टक्के’, ‘मातांपैकी ५ टक्के’. दोन, जमेल तिथे लोकांना सांपत्तिक स्थितीनुसार पाच समान भागांत वाटा. सर्वांत गरीब २० टक्के हे दर वर्षी २० टक्केच राहतात, त्यामुळे आकाराचा प्रश्न तरी मिटतो.

‘इतर’ नावाची पोतडीही जपून वापरा. लहान लहान गट एकत्र करून तिची सरासरी काढली की ती त्यांतल्या कुणाचीच नसते.

चित्राचा प्रकार निवडा

विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली माणसाची नजर आलेखातल्या कोणत्या खुणा किती अचूक वाचते याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच मोजपट्टीवरची जागा सगळ्यांत अचूक वाचली जाते. मग लांबी, मग कोन, त्यानंतर क्षेत्रफळ, आणि रंगाची गडद-फिकट छटा अगदी खाली. वर्तुळाचे तुकडे आणि बुडबुडे तुलनेला का लंगडे पडतात, ते यातून कळतं.

व्यवहारात एवढं पुरतं. वर्षावर्षाचा कल दाखवायचा आणि गट दोन ते चार असतील, तर साधा रेषालेख. फक्त सुरुवात आणि शेवट महत्त्वाचा असेल, तर ठिपक्यांचा आलेख: प्रत्येक गटाला एक आडवी ओळ, तीवर पहिल्या वर्षाचा पोकळ ठिपका, शेवटच्या वर्षाचा भरीव ठिपका आणि दोहोंना जोडणारी रेघ. ओळी वर्णानुक्रमे लावू नका, शेवटच्या वर्षाच्या दरानुसार लावा. क्रम स्वतःच अर्धी गोष्ट सांगतो.

गट पाचाहून जास्त झाले की एकाच चौकटीचा हट्ट सोडावा. प्रत्येक गटाला स्वतःची छोटी चौकट द्या आणि सगळ्या चौकटी शेजारी-शेजारी मांडा. प्रत्येक चौकटीत सगळ्या गटांच्या रेषा फिकट करड्या रंगात ठेवायच्या आणि ज्या गटाची चौकट आहे त्याची एकच रेषा ठळक. गट वेगळाही दिसतो आणि इतरांत तो कुठे बसतो तेही कळतं. उभा अक्ष सगळ्या चौकटींना एकच हवा. सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तर ते काही वेळा प्रत्येक चौकटीला आपापली मोजपट्टी देतं, आणि मग हजारी ५ चा गट हजारी ५० च्या गटाइतकाच उंच दिसतो.

एकावर एक रचलेले रंगीत थर या कामाला नकोत. सगळ्यांत खालचा थर सोडला तर बाकीच्यांना सरळ पायाच नसतो. दोन उभे अक्ष असलेला आलेखही टाळावा. दोन मोजपट्ट्या मागेपुढे सरकवून कुठल्याही दोन रेषा एकमेकींना छेदताना दाखवता येतात. त्रिमिती स्तंभांबद्दल बोलायलाच नको.

आता अंतर काढा

पुढचे आकडे कल्पित आहेत: पाच वर्षांखालील मुलांचा मृत्युदर, दर १,००० जिवंत जन्मांमागे.

| वर्ष | गट अ | गट ब | फरक | गुणोत्तर |
|---|---|---|---|---|
| आरंभ | ९२ | ७२ | २० | १.२८ |
| ५ वर्षांनी | ७४ | ५० | २४ | १.४८ |
| १० वर्षांनी | ५० | २७ | २३ | १.८५ |
| १५ वर्षांनी | ४० | २० | २० | २.०० |
| २० वर्षांनी | ३६ | १८ | १८ | २.०० |

या दोन रेषा कागदावर काढून बघा. पहिल्या दहा वर्षांत दोन्ही झपाट्याने खाली येतात, आणि त्या उतारावर रेषा एकमेकींजवळ आल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात पहिल्या पाच वर्षांत फरक २० वरून २४ वर गेला आहे. हा नजरेचा धोका आहे. तिरप्या रेषांमधलं अंतर आपण नकळत सर्वांत जवळच्या वाटेने, म्हणजे आडवं-तिरपं मोजतो, आणि हवं असतं ते उभं अंतर. उतार जितका तीव्र, तितकी फसगत मोठी. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये आयात-निर्यातीच्या रेषा एकाच चौकटीत काढल्या, तेव्हापासून हा दोष चालत आला आहे.

म्हणून रेषालेखाच्या खाली, त्याच आडव्या अक्षाला धरून, दुसरी बुटकी चौकट जोडा आणि तीत फक्त फरकाची रेषा काढा. वरच्या चौकटीत कल, खालच्या चौकटीत अंतर.

आता तक्त्याचा शेवटचा रकाना बघा. फरक २० वरून १८ वर आला, म्हणजे अंतर किंचित घटलं. गुणोत्तर १.२८ वरून २ झालं, म्हणजे अंतर वाढलं! दोन्ही विधानं खरी आहेत. अ गटाचा दर सुमारे ६१ टक्क्यांनी घटला आणि ब गटाचा ७५ टक्क्यांनी. दर सगळीकडेच खाली येत असताना असं वरचेवर घडतं. ज्याला यशाची बातमी करायची तो फरक दाखवतो, ज्याला टीका करायची तो गुणोत्तर. तुम्ही दोन्ही दाखवा. जागा एकाचीच असेल तर दुसरा आकडा निदान मजकुरात द्या. किती मुलं वाचवता आली असती हे फरकावरून कळतं, आणि ओझं किती विषम वाटलं गेलंय हे गुणोत्तरावरून.

तुलना कोणत्या गटाशी करायची हेही उघडपणे ठरवा. सगळ्यांत मोठ्या गटाला ‘सामान्य’ मानून बाकीच्यांना त्याच्यापासून मोजायची सवय असते. सर्वांत कमी दर असलेला गट आधाराला घेतला तर निदान इतकं साध्य करता येतं, हे तरी दिसतं. एकूण सरासरीत तुलनेतला गट स्वतःही मिसळलेला असतो, त्यामुळे मोठ्या गटाचं सरासरीपासूनचं अंतर कमीच दिसतं.

अक्ष

स्तंभ असतील तर शून्यापासूनच सुरुवात, कारण तिथे वाचक लांबी वाचतो. रेषालेखाला शून्याची सक्ती नाही, पण शून्य सोडलं असेल तर ते लपवू नका. चौकट फार उंच केली की उतार कडा होतो, फार रुंद केली की सपाट. मुख्य रेषांचे उतार साधारण ४५ अंशांच्या आसपास येतील असा आकार ठेवला तर उतारांतले फरक नीट वाचता येतात.

गटांचे दर फार वेगळ्या पातळीवर असतील, समजा एक २०० वरून १०० वर आला आणि दुसरा २० वरून १० वर, तर साध्या मोजपट्टीवर दुसरी रेषा तळाशी झोपलेली दिसते. लॉग मोजपट्टीवर, म्हणजे जिथे समान अंतर समान पट दाखवतं अशा मोजपट्टीवर, दोघींचा उतार सारखा येतो, कारण दोन्ही निम्म्या झाल्या आहेत. तज्ज्ञांसाठी हे उत्तम. सर्वसामान्य वाचकासाठी मात्र पहिल्या वर्षाला १०० धरून निर्देशांक काढणं सोपं पडतं. त्यात मूळ पातळी नाहीशी होते, म्हणून रेषेच्या सुरुवातीला खरा दर लिहायलाच हवा. शिवाय ते पहिलं वर्ष साथीचं किंवा अन्यथा विचित्र नसावं.

लहान गट आणि उड्या मारणाऱ्या रेषा

१०० मृत्यूंवर बेतलेला दर केवळ योगायोगाने सुमारे २० टक्के वर-खाली असू शकतो. २५ मृत्यूंवरचा सुमारे ४० टक्के. लहान गटाची रेषा करवतीसारखी दिसते ती बहुतेक यामुळेच. दर वर्षीच्या चढउताराला कारणं शोधत बसू नका.

तीन किंवा पाच वर्षांचे आकडे एकत्र करून दर काढा आणि बिंदू मधल्या वर्षावर ठेवा. सरकती सरासरी (दर वर्षी एक वर्ष पुढे सरकत काढलेली काही वर्षांची सरासरी) वापरली तर लागोपाठचे बिंदू एकमेकांचे आकडे वाटून घेतात, त्यामुळे रेषा मुळापेक्षा जास्त खात्रीची वाटते. ते टिपेत सांगा. रेषेभोवती ९५ टक्के विश्वास-अंतराचा, म्हणजे खरा दर बहुधा ज्या मर्यादांमध्ये असावा त्यांचा, फिकट पट्टा द्या. दोनच गट असतील तर हे छान दिसतं. पाच पट्टे एकमेकांवर आले की नुसता चिखल होतो, तिथे छोट्या चौकटींकडे वळा.

एक गैरसमज इथे फार पसरलेला आहे. दोन गटांचे पट्टे एकमेकांवर आले म्हणजे फरक नाही, असं नसतं. पट्टे थोडे एकमेकांवर असूनही फरक ठोस असू शकतो. फरकाचंच विश्वास-अंतर काढून ते खालच्या चौकटीत दाखवा आणि तिथे शून्याची रेघ ओढा. पट्टा त्या रेघेला शिवत नसेल तर बोला. अगदी कमी नोंदी असलेला गट दाखवूच नये, कारण दर भरवशाचा नसतो आणि माणसं ओळखू येण्याचाही धोका असतो. पण तो गट गुपचूप गाळू नका, टिपेत नोंदवा.

रंग आणि नावं

कोपऱ्यातली रंगांची यादी काढून टाका आणि गटाचं नाव रेषेच्या उजव्या टोकाशी, रेषेच्याच रंगात लिहा. एक्सेलमध्ये रेषेवर एकदा क्लिक केलं की सगळी रेषा निवडली जाते. शेवटच्या बिंदूवर पुन्हा क्लिक करा, फक्त तो बिंदू निवडला जाईल. मग उजव्या क्लिकने डेटा लेबल घाला, लेबलच्या पर्यायांत व्हॅल्यूवरची खूण काढून सीरिज नेमवर लावा आणि जागा ‘राइट’ ठेवा. प्लॉटची चौकट उजवीकडून थोडी आत ओढली की नावाला जागा होते. दोन-तीन मिनिटांचं काम आहे, आणि वाचकाच्या सगळ्या येरझाऱ्या वाचतात.

उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. इतरत्र प्रमाण वेगळं असेल, पण लाल-हिरवी जोडी कुठेच नको. निळा आणि नारिंगी सुरक्षित. जास्त रंग लागले तर ओकाबे-इतो हा आठ रंगांचा संच वापरा. गटांना नैसर्गिक क्रम असेल, जसं उत्पन्न किंवा शिक्षण, तर एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा घ्या. क्रम नसेल तर वेगवेगळे रंग. एका गटाला एकदा दिलेला रंग पूर्ण अहवालात बदलू नका. शेवटी आलेख काळ्या-पांढऱ्यात छापून बघा. गट तिथेही ओळखू आले पाहिजेत.

खंड दाखवा

रोगांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण बदलतं. त्याची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि देश ती आपापल्या सवडीने स्वीकारतात. वर्गीकरण बदललं की त्या वर्षी एखाद्या आजाराचा दर एकदम उडी घेतो किंवा पडतो. तीच गत व्याख्या, तपासणीची पद्धत किंवा सर्वेक्षणाची प्रश्नावली बदलल्यावर. अशा जागी रेषा तोडा, उभी तुटक रेघ ओढा आणि तिच्याशी दोन शब्दांत कारण लिहा. नवी जनगणना आल्यावर मधल्या वर्षांचे लोकसंख्येचे अंदाज सुधारले जातात. मागचे दरही तेव्हा पुन्हा काढावे लागतात, नाहीतर खोटी पायरी दिसते. सर्वेक्षण पाच वर्षांतून एकदा होत असेल तर प्रत्यक्ष मोजलेल्या वर्षांवर ठिपके दाखवा.

शीर्षक, चाचणी, पर्यायी मजकूर

शीर्षकात निष्कर्ष लिहा: ‘दोन्ही गटांत बालमृत्यू घटले, पण गट अ चा दर आता गट ब च्या दुप्पट’. त्याखाली बारीक अक्षरात काय मोजलं, एकक, कोणते लोक, कोणती वर्षं, वय-प्रमाणित आहे की नाही. ‘अमुक योजनेमुळे घटले’ असं मात्र लिहू नका. कल दिसला म्हणून कारण सिद्ध होत नाही.

मग आलेख अशा कुणाला दाखवा, ज्याने हे आकडे आधी पाहिलेले नाहीत. दहा सेकंदांनी बंद करा आणि काय दिसलं ते विचारा. समजावून सांगायचा मोह आवरा. तो रंगांबद्दल बोलला तर रंग भडक आहेत. ‘सगळं कमी झालं’ एवढंच म्हणाला तर अंतराची चौकट फार बुटकी आहे किंवा फार खाली गेली आहे. ती वर आणा, मोठी करा आणि दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, कारण पहिल्याला आता उत्तर माहीत झालंय.

ऑनलाइन टाकताना चित्राला पर्यायी मजकूर जोडा. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांचं स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतं. ‘रेषालेख’ एवढं लिहून भागत नाही. वरच्या उदाहरणासाठी तो असा होईल: ‘२० वर्षांत पाच वर्षांखालील मुलांचा मृत्युदर गट अ मध्ये हजारी ९२ वरून ३६ वर आणि गट ब मध्ये ७२ वरून १८ वर आला. दोघांतला फरक २० वरून १८ झाला, गुणोत्तर १.२८ वरून २ झालं. वर्षनिहाय आकडे खालच्या तक्त्यात.’ आणि तो तक्ता खरोखरच खाली द्या.